खुबा बदलला, आता डोंगर चढू की नको?

'ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणतात चाला-फिरा, पण पाय उचलायचा धीरच होत नाही.' मी समुपदेशक आहे. खुबा किंवा गुडघा बदललेली माणसं हे वाक्य घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांना घरातलं कुणीतरी आणतं आणि तक्रार असते की 'ह्या ऐकत नाहीत, सारखं पडून राहतात.' ज्यांच्याविषयी लिहितेय त्या मात्र एकट्या, रिक्षा करून आल्या होत्या. त्यांना आपण बाई म्हणू, शाळेत सगळे तसंच म्हणतात. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.

बाईंचं वय ५६. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सगळी नोकरी संभाजीनगर जिल्ह्यात. रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी, श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी, थंडीत एखादा दिवस कन्नडकडे अंतूरचा किल्ला आणि शाळेची सहल दौलताबादला. किल्ल्याच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या पोरांच्या पुढे चढणाऱ्या त्या बाई. मग उजवा खुबा झिजत गेला. दोन-तीन वर्षं दुखणं अंगावर काढलं, रात्री कूस बदलता येईना तेव्हा दिवाळीनंतर पूर्ण सांधा बदलून घेतला. माझ्याकडे आल्या तेव्हा जून उजाडला होता. एक्स-रे उत्तम होता. सर्जनांनी स्वच्छ सांगितलं होतं की चाला, जिने चढा, टेकडी चढा, फक्त पळू नका आणि उड्या मारू नका.

तरीही ऑपरेशन झाल्यापासून बाई स्वतःच्या घराच्या गच्चीवर गेल्या नव्हत्या. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक खाली शिजवून दिला, वर नेऊन घातल्या त्या शेजारणीनं. "जिन्याची पहिली पायरी दिसली की पोटात गोळा येतो," त्या म्हणाल्या. "आणि वर मला अंतूरला जायचंय असं वाटायलंय. हे येडेपण आहे का, तेवढं सांगा."

येडेपण अजिबात नव्हतं. पण नुसतं 'घाबरू नका' म्हटल्यानं कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. त्यांच्या मुलीनं पुण्याहून अँडी मरे या टेनिसपटूचं उदाहरण दिलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या खुब्यात धातू बसवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यानं अँटवर्पची स्पर्धा जिंकली. खरी गोष्ट आहे. पण त्याची शस्त्रक्रिया वेगळी होती, सांधा पूर्ण न बदलता त्यावर धातूचं आवरण बसवलेलं होतं, आणि तो पट्टीचा खेळाडू. असं उदाहरण ऐकून बाईंना धीर आला नाही. उलट 'मीच कमी पडतेय' ही टोचणी तेवढी वाढली. घरच्यांनी अशी उदाहरणं जरा हात राखून द्यावीत.

मी त्यांना एक काम दिलं. घरी वहीत लिहून आणा की डोंगरावर नक्की काय होईल असं वाटतं. एका ओळीत एकच गोष्ट. पुढच्या वेळी बाई वही घेऊन आल्या. समास आखलेला, तारीख घातलेली. पहिली ओळ, 'सांधा निखळेल.' दुसरी, 'तोल जाऊन पडेन.' तिसरी, 'सांधा लवकर झिजेल, परत ऑपरेशन.' आणि खाली, जरा बारीक अक्षरात, 'यांना माझं सगळं करावं लागेल, आईंसारखं.'

तोपर्यंत ही एकच मोठी भीती होती. वहीत उतरल्यावर दिसलं की या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघींचं उत्तर एका माणसाकडे नाही.

निखळण्याचं उत्तर मी देणं चुकीचं होतं, ते सर्जनांनीच द्यायचं. बाई प्रश्न लिहून घेऊन गेल्या. कृत्रिम सांधा निखळायचा धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या काही महिन्यांत, भोवतालचे स्नायू आणि आवरण भरून येईपर्यंत. मागच्या बाजूनं शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या काळात खुबा काटकोनापलीकडे वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, पाय आतल्या बाजूला वळवू नये असं सांगतात. बाईंचा तो काळ उलटून गेला होता. तरी मांडी घालणं आणि देशी संडासात उकिडवं बसणं सर्जनांनी त्यांना कायमचं बंद ठेवायला सांगितलं. दुसऱ्या कुणाला त्यांचे डॉक्टर वेगळं सांगू शकतील, आपापल्या डॉक्टरांना विचारावं. बाईंना वाईट वाटलं ते याचंच. पंगतीत खाली बसून जेवणं, हरितालिकेची पूजा, लग्नघरी सतरंजीवरच्या गप्पा, हे सगळं खुर्चीवरून. त्यावर त्या माझ्यासमोर रडल्या आणि मी त्यांना रडू दिलं. जे गेलं त्याचं दुःख करायला जागा मिळाली नाही, तर माणूस जे उरलंय त्यालाही हात लावत नाही.

पडण्याची भीती फिजिओथेरपिस्टकडे गेली. तिथं एक गोष्ट निघाली जी महिनोन्‌महिने घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती. बाई काठी उजव्या हातात धरत होत्या, म्हणजे ऑपरेशन झालेल्याच बाजूला. दुखरी बाजू तिकडे म्हणून आधारही तिकडे, असं बहुतेकांना वाटतं. पण काठी धरायची ती विरुद्ध हातात. उजवा पाय टेकतो तेव्हा डाव्या हातातली काठी खुब्यावरचा भार हलका करते. त्यातच बाईंच्या डाव्या खांद्याला कायम पर्स. ती काढून पाठीवर सॅक आली, काठी डाव्या हातात आली आणि चालताना एका बाजूला झुकणं बरंचसं गेलं. उरलेलं झुकणं कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूचं होतं. एका पायावर उभं राहताना कंबर समपातळीत धरतो तो हा स्नायू. खुबा दुखत असताना वर्षानुवर्षं तो वापरलाच जात नाही, आणि नवा सांधा बसवला म्हणून आपोआप भरत नाही. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, बुटक्या पायरीवर चढ-उतर करायची. कंटाळवाणे व्यायाम आहेत. डोंगराची तयारी मात्र इथंच होते.

एक माहिती बाईंच्या मनात घट्ट बसली. कृत्रिम सांध्यातच मोजमापाची यंत्रणा बसवून पाहिलं गेलंय की साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना चढताना त्याहून थोडा जास्त. पण ठेच लागून तोल सावरताना तो सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चढाला भ्यायचं नाही, अडखळण्याला भ्यायचं." अगदी तेच. आणि माणूस अडखळतो तो बहुधा उतरताना, दमलेला असताना, बोलत असताना.

झिजण्याबद्दल. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २५ वर्षं टिकलेल्या खुब्यांचं प्रमाण सुमारे ५८ टक्के निघालं, आणि ते सांधे अर्थातच जुन्या काळी बसवलेले होते. आताचं प्लास्टिक त्याहून कमी झिजतं. वापरानं झीज होते हे खरंच आहे, म्हणून तर पळणं आणि उड्या नकोत. पण पैठणी जपायची म्हणून वर्षानुवर्षं घडी न मोडता ठेवली तर ती घडीवरच विरते. न चालणाऱ्या पायाचे स्नायू असेच जातात. मग तोल जातो, आणि ज्या पडण्याला भिऊन बसून राहिलो तेच जवळ येतं.

राहिली चौथी ओळ. तिच्यासाठी मी सरांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, बोलावलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, आता बास झालं डोंगर. हाय ते नीट राहू द्या. उगं कशाला?"

मी त्यांना त्यांच्या आईंबद्दल विचारलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग एकदम सगळं आलं. अंबाजोगाईजवळचं गाव, ऐंशीच्या पुढची आई, न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. 'या वयात कशाला चिरफाड' म्हणून ऑपरेशन केलं नाही. खाटेवर पडल्या त्या उठल्याच नाहीत. पाठीला जखमा झाल्या. कूस बदलून देणं, जखमा पुसणं, भरवणं, हे सगळं सरांनी आणि बाईंनी मिळून केलं. "तेव्हापासून खुबा म्हटलं की मला ती खाटच दिसती," सर म्हणाले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

आपल्याकडे बहुतेक घरांत अशी एक खाट असते. 'खुबा मोडला' म्हणजे अंथरूण धरलं, हे समीकरण गावोगाव पक्कं आहे आणि ते उगाच तयार झालेलं नाही. पण ऐंशी पार केलेल्या बाईचं मोडून उपचाराविना राहिलेलं हाड वेगळं, आणि छप्पन्नाव्या वर्षी ठरवून, सगळ्या तपासण्या करून बदललेला सांधा वेगळा. हा फरक सर्जनांनी सांगितला असता तर सरांच्या डोक्याला पटला असता. स्वतः आईची गोष्ट सांगून झाल्यावर तो मनालाही पटू लागला. त्यांना मी एकच विनंती केली, की दिवसातून पन्नासदा 'जपून' म्हणायचं बंद करा. 'जपून' ऐकलं की बाईंचं अंग ताठ होतं, आणि ताठ अंगाचाच तोल जातो. काही सांगायचंच असेल तर उपयोगाचं सांगा. 'पुढची पायरी उंच आहे.' 'डावीकडे कठडा आहे.' 'इथं मुरूम सुटलाय.'

मग आम्ही शिडी मांडली. कमी भीतीची गोष्ट खाली, जास्तीची वर, प्रत्येकीसमोर दहापैकी गुण. गच्चीच्या जिन्याला बाईंनी चार दिले, दौलताबादला नऊ. जिन्याचा नियम दवाखान्यातच शिकवलेला होता. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हात कठड्याला. शिडीवरची एक गोष्ट चार-पाचदा करून तिची भीती निम्म्यावर आल्याशिवाय पुढची धरायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं उरलं असेल तर आदला पल्ला जास्त झाला असं समजायचं.

दुखणं प्रत्येक वेळी भीतीतून येतं असं मात्र नाही, आणि हे मी सगळ्यांना बजावून सांगते. जांघेत किंवा मांडीत अचानक तीव्र कळ येणं, पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, ताप, टाक्यांच्या जागी लाली किंवा पाणी, पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं, यापैकी काही झालं तर समुपदेशकाची वेळ घेऊ नका. थेट दवाखाना गाठा.

पावसाळाभर जिना आणि सपाट रस्ता. टेकडी दसऱ्यानंतर, वाट कोरडी झाल्यावर, दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या घेऊन. पहिल्याच फेऱ्यांनी हुरूप आला आणि एका रविवारी टेकडीवरून उतरून बाई तशाच मंडईत गेल्या, भाजीच्या पिशव्या घेऊन चालत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी मांडी ठणकत होती. फोनवर आवाज रडवेला, "गेलं सगळं." सर्जनांना दाखवून घेतलं, सांध्याला काही झालेलं नव्हतं, स्नायू दमले होते. अशा वेळी माणूस एकदम शून्यावर परततो. आम्ही एकच पायरी खाली आलो. दोन आठवडे अर्धीच टेकडी.

वर्षाची तपासणी नीट पार पडली आणि जानेवारीत ती दोघं दौलताबादला गेली. कुठून परतायचं ते घरीच ठरलं होतं, चिनी महालाच्या पुढे मेंढा तोफेपर्यंत. त्यापुढे खंदकावरचा पूल आणि मग अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट. तिथल्या उंच-सखल पायऱ्या काळोखात दिसत नाहीत, वटवाघळांच्या वासानं जीव नको होतो आणि मागून गर्दीचा रेटा. पहिल्या खेपेला तिथं शिरण्यात काही शौर्य नव्हतं. बाई तोफेपाशी थांबल्या. वर जाता येईल असं वाटत होतं तरी परत फिरल्या. मला विचाराल तर त्या दिवसाची कमाई हीच. पाय शिल्लक असताना मागे फिरणं ज्याला जमतं त्याच्याबरोबर मी कुणालाही डोंगरावर पाठवीन.

फेब्रुवारीच्या शेवटाला, आडवारी, सकाळी किल्ला उघडताच गेल्या आणि बारादरी, म्हणजे वरचा महाल, करून आल्या. अंधारीत सर हातात बॅटरी घेऊन एक पायरी पुढे, तोंडानं नुसतं 'उंच', 'बुटकी', 'वळण'. जनार्दनस्वामींच्या गुहेकडच्या पायऱ्या बाईंनी खालून बघितल्या आणि ठेवून दिल्या. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, तसाच लागायला हवा.

अंतूरचा विषय घरात अजून निघतो. यंदा मैत्रिणी गेल्या, बाई गेल्या नाहीत. कारण त्यांनी मला नीट सांगितलं. तिथल्या उतारावर घसारा आहे, हाताला धरायला काही नाही आणि उजव्या पायावर त्या अजून मनात तीस मोजेपर्यंत उभ्या राहू शकत नाहीत. व्यायाम चालू आहे. दिवाळीनंतर आधी म्हैसमाळच्या पठारावर जायचं आणि सर्जनांना विचारून मग अंतूरचं बघायचं, असं त्या दोघांनी ठरवलंय.