'आलिया भोगासी असावे सादर' मधला सादर

प्रश्न असा आहे की नोकरी गेल्यापासून नातेवाईक आधीसारखे बोलत नाहीत, फोन पण उचलत नाहीत, आणि आई सारखं 'आलिया भोगासी असावे सादर' ऐकवते, तर हा सादर 'अहवाल सादर केला' मधलाच का आणि याचा अर्थ गप सोसत बसा असा होतो का?

दोन्हीचं उत्तर नाही. ही ओळ तुकोबांच्या अभंगातली, आणि इथला सादर म्हणजे स + आदर, आणि जुन्या मराठीत आदर म्हणजे नुसता मान नाही तर लक्ष, आस्था पण, म्हणून सादर असणे म्हणजे सावध, तयार असणे. भोग म्हणजे वाट्याला आलेलं, जे भोगूनच संपतं ते.

पण खरी गंमत पुढच्या चरणात आहे आणि तोच लोक सोडून देतात: 'देवावरी भार घालूनिया'. घालूनिया म्हणजे आजचं घालून, म्हणजे ती क्रिया आधीची! आधी भार देवावर घाला, मग हात मोकळे झाले की समोर आलंय त्याला तयार राहा, असा क्रम आहे. आळशी माणसाचं 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ते हे अजिबात नाही.

आणि नातेवाईकांचं म्हणाल तर तेही त्याच अभंगात आहे. 'मग तो कृपासिंधू निवारी साकडे, येर ती बापुडी काय रंके'. येर म्हणजे इतर, रंक म्हणजे दरिद्री. साकडे म्हणजे अडचण, संकट (देवाला साकडं घालतो आपण, तेच हे). म्हणजे संकट निवारणारा तो आहे, बाकीची बिचारी स्वतःच कफल्लक, ती काय देणार आणि काय काढून घेणार! यात लोकांवर राग नाहीये बरं का, बापुडी या शब्दात कणव आहे, आणि मला तरी हा शब्द फार मोठा वाटतो कारण तुकोबांनी हे घरात बसून सुचलेलं लिहिलेलं नाही, देहूतलं खातंपितं महाजनाचं घर, व्यापार, आणि 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं गेलं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, दिवाळं निघालं. 'दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान' असं त्यांनीच म्हटलंय. पैसा गेला तसा मानही गेला, तुमच्या बाबतीत झालं तेच. आणि तोच माणूस दुसरीकडे 'बरे झाले जगी पावलो अपमान' म्हणतो कारण त्यामुळे तो देवाला शरण गेला.

हल्ली 'काय करणार, आलिया भोगासी...' असं अर्धं तोडून नाइलाज म्हणून म्हणतात, ते मला खूप खटकतं. आईला दुसरा चरण पण म्हणायला सांगा, त्यांना नक्की पाठ असेल.