काका आजारी पडले आणि ऑफिस अडलं

प्रश्न : सांगलीत माझं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, मला धरून सात जण. २०१९ च्या पुरात पीसी पाण्यात गेले, तेव्हापासून टॅलीचा बॅकअप क्लाउडवर असतो. पण यंदा आमच्या सीनियर अकाउंटंटची, सगळे त्यांना काका म्हणतात, अचानक बायपास झाली आणि महिनाभर ते आलेच नाहीत. पासवर्ड त्यांच्या डायरीत, निम्म्या क्लायंटचे ओटीपी त्यांच्या मोबाईलवर. कसंबसं निभावलं. आता पावसाळा तोंडावर, त्यात एक मुलगी पुण्याला जायचं म्हणतेय. बाकीचे म्हणतात, काही होत नाही हो मॅडम. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, पाणी निदान सांगून तरी येतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं तरी आधी सामान हलवायला थोडा वेळ होताच की. काकांच्या दुखण्याने तेवढाही वेळ दिला नाही, म्हणून सुरुवात माणसांपासून करा, मशीनचं तुम्ही बघितलंय.

कॅलेंडर घ्या. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी, म्हणजे जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न. प्रत्येक तारखेपुढे दोन नावं लिहा, आणि दुसरं नाव त्याचंच लिहायचं ज्याने ते काम स्वतःच्या हाताने एकदा तरी केलंय, शेजारी बसून बघितलंय ते धरायचं नाही. ३बी चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, निल असेल, म्हणजे व्यवहारच नसेल, तर २०, वर थकलेल्या टॅक्सवर १८ टक्के व्याज, आणि हे एका क्लायंटचं झालं, तुमच्याकडे किती आहेत ते तुम्हीच मोजा. मुदतवाढ मिळेल या भरवशावर तर अजिबात राहू नका.

ओटीपीचं लगेच बदला. जीएसटी पोर्टलवर क्लायंटचा स्वतःचा नंबर हवा, नॉन-कोअर अमेंडमेंट म्हणजे नोंदणीतल्या किरकोळ दुरुस्तीतून होतं ते, आणि जमेल तिथे त्यांच्याच घरातला नाहीतर फर्ममधला दुसरा ऑथोराइज्ड सिग्नेटरीही, म्हणजे सहीचा अधिकार असलेला माणूस, टाकून घ्या. डीएससीचे, म्हणजे डिजिटल सहीचे, डोंगल ज्याचे त्याला परत द्या. ती मालकाची सही आहे, पिनसकट आपल्या ड्रॉवरमध्ये कशाला ठेवायची? (जवळजवळ सगळीकडे ठेवतात, माहितीये मला.)

आता काका. त्यांना "सगळं लिहून द्या" असं म्हणू नका, लगेच मनात येणार की आपल्याला घरी बसवायचं चाललंय. आधी स्पष्ट सांगा की पगार तोच, वेळ अर्धा. मग एक महिना ते नुसते खुर्चीत बसून सांगतील आणि हात दुसऱ्याचा चालेल. त्याच्या पुढच्या महिन्यात ८ ते १० तारखेला काकांना सुट्टी द्या आणि कोणीही, तुम्हीसुद्धा, फोन करायचा नाही. काम जिथे जिथे अडेल ते वहीत टिपून ठेवा, तीच तुमची यादी. अगदीच अडलं तर ११ ला काका आहेतच. हे जमलं की पुढच्या वेळी स्वतः सुट्टी घेऊन बघा, तुमच्याशिवाय बँकेतून पगार तरी सुटतो का ते कळेल.

पुण्याला जाणाऱ्या मुलीला अडवू नका. उलट विचारा, तिकडून चार क्लायंटचं काम करशील का? सांगलीत पाणी भरलं तरी तिचा लॅपटॉप चालू असेल.