ग्रहण गणपतीत होतं, ओठ जुळतो आंब्याच्या दिवसांत

"एवढ्याशा जिवाला भूल द्यायची? जरा मोठं झाल्यावर केलं तर नाही का चालणार?"

दुभंगलेला ओठ घेऊन जन्मलेल्या बाळाची माणसं माझ्यासमोर बसली की हा प्रश्न येतोच. डॉक्टरांनी सगळं समजावलेलं असतं, तरी येतो. भुलेच्या भीतीआड पुष्कळदा दुसरंच काही दडलेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. पुढची हकिगत त्या घराला विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मालवणकडची वाडी. बाप मुंबईला कामाला. माझ्याकडे आल्या त्या सासू, सून आणि आजीच्या पदराखाली झाकलेली दीड महिन्याची मुलगी. वरचा ओठ डावीकडे नाकपुडीपर्यंत उघडा, टाळूही दुभंगलेली. वजन तीन किलोही नव्हतं. वजन वाढलं की ओठाचं ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तपासणीच्या दोन तारखा यांनी चुकवल्या होत्या.

"गिराणात इळयेर बसलेली ही," आजी म्हणाल्या. "मियां सांगलंय, पण आयकता कोण?"

गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं की बाळाचा ओठ फाटतो, ही जुनी समजूत. सुनेने मान वर केली नाही. ७ सप्टेंबर २०२५चं खग्रास चंद्रग्रहण. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, घरचा अकरा दिवसांचा गणपती आदल्या दिवशीच पोचवलेला. नवऱ्याला पहाटेच्या गाडीला डबा हवा म्हणून हिने रात्री विळीवर भाजी चिरली होती. तेव्हा सातवा महिना लागलेला.

मी लगेच कॅलेंडर काढलं. गर्भाचा वरचा ओठ गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू त्यानंतरच्या काही आठवड्यांत. बोटांवर मोजून दाखवलं: एप्रिल-मे, म्हणजे आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस. ग्रहण लागलं तेव्हा ओठ कधीच घडून गेलेला होता. हिशेब चोख होता, माझी मीच खूश.

तर ती पोर म्हणते, "मग एप्रिलात माझं काय चुकलं, मॅडम? उलट्यांची गोळी घेतली होती, त्यानं झालं असेल?"

गोळीची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवली. तिचा संबंध नव्हता. फिटवरची काही औषधं, धूम्रपान, आईला आधीपासून असलेला मधुमेह यांनी धोका वाढतो, घराण्यात कुणाला असेल तरी वाढतो. पण बहुतेक बाळांच्या बाबतीत एका कारणावर बोट ठेवता येत नाही. हे सगळं मी सांगितलं. मी पुरावे देत गेले, ती नवा गुन्हा शोधत गेली. आणि आजी? त्यांना तर मी सुनेची वकीलच वाटायला लागले होते. तो दिवस मी वाया घालवला, असंच म्हणते.

पुढच्या खेपेला ग्रहणाचा विषय मी काढलाच नाही. आजींना विचारलं, असं बाळ याआधी कधी पाहिलं होतं का?

बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या भावाचा चेडू. दूध पाजला की नाकातसून येय. पंधरा दिसांनी गेला."

म्हणजे दोन तारखा ज्यांनी चुकवल्या, त्या आजींना ऑपरेशनपेक्षा दुधाची धास्ती होती. सून पाजायला बसली की त्या बाळ काढून घेत आणि कापसाने थेंब थेंब दूध देत. वजन वाढणार कुठून?

टाळू दुभंगलेली असली की तोंडात चोखण्याचा जोर तयार होत नाही. बाळाला भूक असते, पण ओढता येत नाही. नुसता ओठ दुभंगलेला असला तर पुष्कळ बाळं अंगावर पितात; हिला ते जमणारं नव्हतं. नर्सताईंनी आईचं दूध काढून बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, पाजायला शिकवलं: बाळाला जवळजवळ बसवून धरायचं, थोडं थोडं घालायचं, गिळू द्यायचं, मधेमधे ढेकर काढायचा. नाकातून थोडं आलं तरी घाबरायचं नाही, थांबून पुसून घ्यायचं. बोंडलं मी मुद्दाम आजींच्या हातात दिलं. त्या हाताने चार पोरं वाढवलेली. तिसऱ्या घोटाला तो थरथरायचा थांबला.

दर आठवड्याला अंगणवाडीच्या काट्यावर वजन. आशाताई आकडा कळवायच्या. चार किलो पार झाल्यावर सून पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली, "भुलेचं सांगा आता."

तेव्हा सांगितलं, आणि तेव्हाच ते पोचलं. जुना ढोबळ ठोकताळा १०चा आहे: वय १० आठवडे, हिमोग्लोबिन १० ग्रॅम, वजन १० पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलो. भूलतज्ज्ञ आधी तपासतात, सर्दी-खोकला असला तर तारीख पुढे ढकलतात. धोका शून्य कधीच नसतो. म्हणून तर हे थांबणं असतं. पण थांबायलाही हद्द आहे. टाळूचं ऑपरेशन सहसा ९ ते १८ महिन्यांत करतात, कारण नंतर बोलण्याला नाकातला सूर बसतो आणि तो काढणं फार कठीण. कानाची तपासणीही ठेवावी लागते, अशा बाळांच्या मधल्या कानात पाणी साचतं.

"एकदाच सगळं करून टाकता येत नाही का?" बापाने फोनवर विचारलं. नाही. पुढे हिरडीत हाड भरायची वेळही येऊ शकते, साधारण आठ-दहाव्या वर्षी. पैशांची काळजी मात्र मिटली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांवर १८ वर्षांपर्यंत मोफत उपचार होतात, त्यात दुभंगलेला ओठ आणि टाळू आहेत.

ऑपरेशनच्या दिवशी चार तास आधीपासून दूध बंद. बाळ टाहो फोडत होतं आणि "थेंबभर तरी" म्हणून सगळ्यांवर करवादणाऱ्या आजी त्या दिवशी बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. दूध काही दिलं नाही.

मोकळ्या ओठाची जागा टाक्यांनी घेतली. बोटं तिकडे जाऊ नयेत म्हणून कोपरांना पट्ट्या बांधलेल्या. सुनेने बघितलं आणि रडायलाच लागली. ही माझी वाटत नाही, म्हणाली. तिला जुनं, रुंद हसूच पाठ झालेलं होतं. असं पुष्कळ आयांचं होतं. मी पाण्याचा पेला दिला आणि गप्प बसले.

टाळू अजून व्हायचीय. परवा वजनाला आल्या तेव्हा आजींनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टरांका सांगा, गणपतीत तारीख देव नको. तेवढे दिवस सोडून खंयची पण चलात."