नळदुरुस्तीला पहिल्यांदाच हात घालताय? मग हे वाचा

पाना हातात घेण्याआधी मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा आणि तो खरंच बंद होतो का, हेही फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हललेले व्हॉल्व्ह ऐन वेळी दगा देतात.

नळ टपकतोय म्हणून मूठ करकचून आवळू नका. जुन्या पद्धतीच्या नळात दोष बहुधा आतल्या वायसरचा (पाणी अडवणाऱ्या रबरी चकतीचा) असतो, आणि आवळून तो आणखीच चेपतो. पाणी बंद करून स्पिंडल (मुठीला जोडलेला आतला दांडा) काढा, वायसर बदला. तो जिथे टेकतो त्या कडेवरून बोट फिरवा. खाच लागली तर नवा वायसरही फार टिकायचा नाही. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात मात्र सहसा सिरॅमिकचं कार्ट्रिज (पाणी उघडबंद करणारा आतला तयार भाग) असतं, ते अख्खंच बदलतात. दुकानात जुनं सोबत न्या, नाहीतर हेलपाटे ठरलेलेच.

टेफ्लॉन टेप, म्हणजे जोड गळू नये म्हणून आट्यांवर लावायची पातळ पट्टी, उलटी गुंडाळणारे कितीतरी! आट्यांचं टोक आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलटी असली की जोड आवळताना तिचा गोळा होतो आणि गळती तशीच राहते.

फ्लशची टाकी आतून गळतेय का ते बघायला तिच्यात खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर तपासा.

तुंबलेल्या सिंकखाली बादली ठेवून ट्रॅप (पाणी अडून राहतं तो सिंकखालचा भाग) उघडा, पण आधी कुणी अ‍ॅसिड ओतलं असेल तर अजिबात नको. भिंतीतल्या ओलीला सरळ प्लंबरच बोलवा.