तेलाचा डबा आणि संस्थेचं लेटरहेड

दबावगट सरकारचे निर्णय आणि आपली मतं कशी वळवतात, यावर इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतली काही आज घेतो.

सर, 2024 साली गणपती उठायच्या आतच सोयाबीन तेल महागलं. आम्हाला कुणी विचारलं होतं का? (गृहिणी, सुदामानगर)

नाही विचारलं. पण ज्यांनी सांगितलं, त्यांचं ऐकलं गेलं. त्या सप्टेंबरात माळव्यात सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाच्याही खाली विकलं जात होतं आणि शेतकरी 6,000 मागत ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते. सोयाबीनवर प्रक्रिया करणाऱ्यांची देशव्यापी संघटना, ‘सोपा’, आपल्या इंदूरचीच. आयात शुल्क वाढवा, हा तिचाही धोशा होता. 14 सप्टेंबरपासून कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 झालं, रिफाइंडवरचं 13.75 वरून 35.75.

पुढची गंमत बघा. 30 मे 2025 ला कच्च्या तेलावरचं शुल्क 16.5 टक्क्यांवर आणलं, रिफाइंडचं मात्र तसंच ठेवलं. कच्चं तेल स्वस्तात आत यावं आणि तयार तेल महाग पडावं, ही देशातल्या रिफायनरीवाल्यांची जुनी मागणी. म्हणजे शेतकरी, सोयाबीनवर प्रक्रिया करणारे प्लांटवाले, रिफायनरीवाले, सगळ्यांना थोडंथोडं मिळालं. तुमचं काय? समजा लिटरमागे वीस रुपये वाढले आणि घरात महिन्याला तीन लिटर तेल लागतं, तर साठ रुपये गेले. साठ रुपयांसाठी कोण दिल्ली गाठणार? तुम्ही किराणावाल्यावर चिडता, तो “वरूनच वाढलंय, ताई” म्हणतो आणि विषय संपतो. प्लांटवाल्याचा मात्र त्यात अख्खा हंगाम अडकलेला असतो, म्हणून तो चिकाटीनं पाठपुरावा करतो. शेतकऱ्याला दोष देऊ नका; भाव पडला की त्याचं काय होतं, ते माळव्यात राहून आपण बघतोच.

दुकानं बंद ठेवून खरंच काही साधतं का? (सराफ्यातले एक वाचक)

तुमच्याच धंद्याचा दाखला देतो. 2012 च्या अर्थसंकल्पात बिनब्रँडच्या दागिन्यांवर एक टक्का अबकारी कर आला. देशभरातल्या सराफांनी तीन आठवडे शटर ओढली आणि मे महिन्यात तो कर मागे घेतला गेला. 2016 मध्ये तसाच कर पुन्हा आला. या वेळी संप सहा आठवडे चालला, नियम थोडे सैल झाले, कर मात्र राहिला आणि पुढे जीएसटीत मिसळला. संप दुप्पट लांबला, फळ निम्मंही नाही! माझ्या मते फरक सरकारच्या बळाचा होता: 2012 चं सरकार मित्रपक्षांच्या टेकूवर उभं होतं, 2016 चं स्वतःच्या बहुमतावर. दुसरं म्हणजे, दागिना महिनाभर थांबू शकतो. (आणि आपल्या सराफा बाजारात रात्री खाऊगल्ली भरते; तिथे भुट्ट्याचा कीस मिळत राहिला, तर खवय्यांना संप कळणार कुठून?)

उलट जानेवारी 2024 मधले ट्रकचालक बघा. ‘हिट अँड रन’च्या, म्हणजे अपघात करून पळून जाणाऱ्या चालकांबद्दलच्या नव्या कलमाविरुद्ध त्यांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि दुसऱ्याच दिवशी गृहसचिवांनी वाहतूकदारांशी बोलणी केली. 1 जुलैला ते कलम असलेली नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलेलं होतं.

लोकमत विकत घेता येतं का? (निवृत्त बँक कर्मचारी, टिळकनगर)

मत विकत घ्यायची गरजच नसते, शंका पेरली की भागतं. 4 जानेवारी 1954 ला अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत एक जाहिरात दिली. सूर असा, की कर्करोगाशी संबंध अजून सिद्ध झालेला नाही, आम्हीच संशोधनाला पैसे देतो. आपल्याकडे तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत इशारा छापायचा नियम एप्रिल 2015 पासून यायचा होता. संसदीय समितीनं आणखी तपासा म्हटलं आणि तो वर्षभर लांबला. त्या समितीत विडीच्या धंद्यातले एक खासदारही होते. म्हणून मोबाइलवर ‘डॉक्टर सांगतात’ असं काही आलं, की डॉक्टर कोण हे विचाराच. पण खर्च कुणी केला, हे त्याआधी विचारा.

लॉबिंग कायदेशीर आहे का? (विद्यार्थिनी)

लॉबिंग म्हणजे सरकारकडे आपली मागणी लावून धरणं. निवेदन देणं कायदेशीर, लाच देणं गुन्हा. अमेरिकेत 1995 च्या कायद्यानं लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही.

आम्ही चाळीस घरं. आमचं कोण ऐकणार? (राजेंद्रनगर)

केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. शहराच्या मास्टर प्लॅनच्या मसुद्यावरही दावे-आपत्ती, म्हणजे हरकती, मागवतात. मोघम तक्रार नको. रस्ता कुठला, खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) काय, हवंय काय, ते हिंदीत एका पानावर लिहा आणि पोच घ्या.

आमच्या गल्लीचा अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. बाबूनं सह्या पाहिल्याच नाहीत. “भिया, संस्था का नाम?” संस्था कुठली असायला! शेजारच्या काकांनी पिशवीतून गणेशमंडळाचं वर्गणीचं पावतीपुस्तक आणि मंडळाचा शिक्का काढला, तो शिक्का अर्जाच्या डोक्यावर मारला आणि पुढच्या मिनिटाला आमच्या हातात आवक क्रमांक होता.