प्लास्टरबाहेरची बोटं बघत राहा

अगं, लहान मुलांचं हाड म्हणजे ओली फांदी. वाकतं, एका बाजूला चिरतं, पण तुकडे होतीलच असं नाही. तेच ग्रीनस्टिक फ्रॅक्चर. ते भरूनही लवकर येतं. हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या पट्टीला मार असेल, तर मात्र पुढच्या तपासण्या चुकवू नका म्हणून आईवडिलांना बजाव.

माझा जीव खरा टांगणीला लागतो तो कोपराच्या जरा वरच्या फ्रॅक्चरमध्ये. झोक्यावरून हात टेकून पडलेलं ५-७ वर्षांचं पोर. तिथे रक्तवाहिनी आणि नसा हाडाला अगदी लगटून जातात. पहिल्या रात्री तासातासाला बोटं बघ: रंग, ऊब, हालचाल, मुंग्या. नख दाबून सोडलं की २ सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोट हलकेच सरळ करताना पोर किंचाळलं, किंवा औषध देऊनही रडणं वाढतच गेलं, तर ‘हट्टी आहे’ असं कधीच म्हणू नकोस. रात्रीचे ३ वाजले असले तरी डॉक्टरांना उठव. स्नायूंवर दाब चढत असेल तर काही तासांत हात कायमचा अधू होतो गं.

आणि प्लास्टरमध्ये खाजतं म्हणून फूटपट्टी किंवा विणायची सुई आत घालू नका, हे आईबरोबर आजीलाही सांग.