वाचकांचे प्रश्न : अर्ज क्रमांक १

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना नेब्रास्कातील बीॲट्रिस गावाजवळचे ‘होमस्टेड’ उद्यान पाहिले. तेथे ओंडक्यांची एक खोली जपून ठेवली आहे. सरकारी जमीन मिळवणारा पहिला शेतकरी डॅनियल फ्रीमन याचे घर ते हेच, असे समजून आम्ही छायाचित्रे काढली. इतक्या लहान खोलीत त्याचे कुटुंब कसे राहत असेल? आणि जमीन खरोखरच फुकट मिळाली का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : आपण पाहिलेली खोली फ्रीमनची नव्हे. ती जॉर्ज पामर नावाच्या दुसऱ्या शेतकऱ्याने १८६७ मध्ये त्याच परिसरात बांधली होती आणि जुन्या घराचा नमुना म्हणून नंतर उद्यानात आणली गेली. तिची लांबी-रुंदी जेमतेम १६ फूट आणि १४ फूट आहे, आणि पामर कुटुंबात दहा मुले होती, त्यामुळे आपल्याला पडलेला प्रश्न चुकीच्या घरासमोर पडला असला तरी प्रश्न म्हणून अगदी रास्त आहे.

फ्रीमनच्या घराचे वर्णन मात्र सरकारी कागदातच सापडते. अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार २१ वर्षांवरील किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या आणि अमेरिकी सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेल्या व्यक्तीला १६० एकर, म्हणजे जवळजवळ ६५ हेक्टर, सरकारी जमीन मागता येत असे. अमेरिकेचे नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही ही मुभा होती. जमिनीची किंमत नव्हती, पण अर्जापासून अंतिम कागदापर्यंत सगळी फी मिळून १८ डॉलर भरावे लागत, आणि खरी किंमत पाच वर्षे तेथेच राहून, घर बांधून, जमीन कसून चुकवावी लागे. त्यानंतर दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगायचे, की हा माणूस येथे राहिला आणि याने शेती केली.

कायदा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. ब्राउनव्हिल येथील जमीन कचेरीच्या कारकुनाला फ्रीमनने नववर्षाच्या मेजवानीत गाठले, सैन्यातील कामगिरीवर परतायचे असल्याची अडचण सांगितली आणि मध्यरात्र उलटताच कचेरी उघडायला लावली, अशी कथा आवडीने सांगितली जाते. त्या दिवशी देशभर शेकडो अर्ज दाखल झाले असल्यामुळे कोण किती मिनिटांनी पुढे होता या वादात फारसा अर्थ नाही. मला त्या मध्यरात्रीपेक्षा पाच वर्षांनंतरचा, जानेवारी १८६८ चा पुराव्याचा कागद अधिक मोलाचा वाटतो. त्यात लिहिले आहे की घर १४ फूट बाय २० फूट, काही भाग ओंडक्यांचा व काही फळ्यांचा, दोन दारे, दोन खिडक्या, लाकडी फळ्यांची जमीन. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणलेले. शिवाय एक तबेला, मेंढ्यांसाठी १०० फूट लांब छप्पर, मक्याची कोठी, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडे. अर्ज क्रमांक १, दाखला क्रमांक १ आणि मालकीपत्राची नोंद पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, एवढ्या आधारावर त्याला ‘पहिला’ म्हटले जाते.

प्रश्न : या पाच वर्षांत फ्रीमनच्या घरची मंडळी कोठे होती? बायकांच्या नावाने जमीन मिळत असे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अर्ज करताना फ्रीमन विधुर होता. त्याचा धाकटा भाऊ जेम्स यादवी युद्धात मरण पावला होता आणि आयोवातील ॲग्नेस सूटर हिचे लग्न या जेम्सशीच ठरलेले होते. डॅनियलने तिच्याशी पत्रव्यवहार सुरू केला, मागणीही पत्रातूनच घातली आणि १८६५ मध्ये लग्न करून तिला कब ओढ्याकाठच्या त्या १४ बाय २० फुटांच्या घरात आणले. दिराशी लग्न म्हटल्यावर आपल्याकडील वाचकांच्या मनात जे विचार येतील ते येथे फारसे लागू पडत नाहीत, कारण मूळ लग्न झालेलेच नव्हते. मात्र दोन माणसे एकाच माणसाच्या दुःखातून जवळ आली, एवढे खरे. १८६८ च्या कागदातील वर्णन म्हणजे लग्नानंतरच्या तीन वर्षांनंतरचे चित्र आहे, आणि एकट्या पुरुषाने ४०० पीच लावून जगवली असतील यावर माझा विश्वास बसत नाही. कागदावर ॲग्नेसचे श्रम कोठेच दिसत नाहीत. डॅनियल १९०८ मध्ये वारला. ती त्याच्यानंतर २३ वर्षे जगली, आणि तिच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९३६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ती जमीन राष्ट्रीय स्मारक ठरवली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, पण’ असे आहे. अविवाहित प्रौढ स्त्री, विधवा किंवा घटस्फोटिता यांना स्वतःच्या नावाने अर्ज करता येत असे, आणि अनेकींनी तो केला. नवरा असलेल्या स्त्रीला मात्र सामान्यतः करता येत नसे, कारण कुटुंबप्रमुख तो मानला जाई.

या कुटुंबाची आणखी एक हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. जवळच्या शाळेत शिक्षिका मुलांकडून बायबलवाचन, प्रार्थना आणि स्तोत्रे म्हणवून घेत असे. फ्रीमनने हरकत घेतली, शाळा समितीने ती मानली नाही, तेव्हा सत्तरी ओलांडलेला हा शेतकरी कोर्टात गेला आणि १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. पंथीय उपासनेला सरकारी शाळेत जागा नाही, असा तो निकाल होता. पुढच्या वर्षी न्यायालयाने खुलासा केला, की बायबल वाचणे स्वतःहून बेकायदा ठरत नाही, ते कसे वाचले जाते यावर ते अवलंबून आहे.

प्रश्न : गवताच्या ढेपांची घरे आणि शेणाचे सरपण, हे वर्णन खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : खरे आहे, मात्र फ्रीमनच्या बाबतीत नव्हे. ओढ्याकाठी झाडे असल्यामुळे त्याला लाकूड मिळाले. पश्चिमेकडे सरकावे तशी झाडे संपत जात आणि दूरवर गवतच दिसे. त्या गवताच्या मुळ्या जमिनीत इतक्या घट्ट गुंतलेल्या असत की साधा नांगर चालत नसे. खास नांगराने पट्टे उलटवायचे, कुदळीने त्यांच्या लांबट ढेपा कापायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारख्या रचायच्या. जाड भिंतींमुळे असे घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार राही. पावसात छत मात्र पाऊस थांबल्यावरही दोन-दोन दिवस गळे, म्हणून आणि वरून माती, किडे, क्वचित साप पडू नयेत म्हणून, आतून मांजरपाटासारखे कापड ताणून बांधत.

सरपणासाठी रानशेणी वेचणे हे आपल्याला नवलाचे वाटणार नाही. सुरुवातीला गव्यांची, म्हणजे बायसनची, आणि नंतर गुरांची रानशेणी बायका-मुले पोत्यांत भरून आणत. ती नसेल तेव्हा वाळलेल्या गवताचे पीळ घालून जाळत. पूर्वेकडून आलेल्या बायकांना शेणाला हात लावणे आधी फार जड जाई, असे त्यांच्या आठवणींत वारंवार येते. विदर्भ-मराठवाड्यातील एखादी आजी त्यांना हसली असती.

१८७४ च्या टोळधाडीने मका तर खाल्लाच, पण अवजारांच्या लाकडी मुठीही कुरतडल्या. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी हवा उबदार असताना मुले शाळेत गेली आणि दुपारी अचानक हिमवादळ आले. त्यात सुमारे २३५ माणसे मेली, आणि शाळेतून घरी निघालेली मुले त्यांत बरीच होती.

प्रश्न : हा कायदा म्हणजे आपल्या ‘कसेल त्याची जमीन’सारखाच नव्हे का? आणि ती जमीन आधी कोणाची होती? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : साम्य कसण्याच्या अटीपुरतेच आहे. मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कूळ जी जमीन आधीपासून कसत होते तीच त्याची झाली, आणि ती जमीनमालकाकडून, ठरलेली किंमत देऊन. नेब्रास्कात अर्जदार बाहेरून येत होता आणि देणारे सरकार होते.

सरकारकडे ती आली कशी, हा आपल्या प्रश्नाचा महत्त्वाचा भाग आहे. बीॲट्रिसचा प्रदेश ओटो-मिझुरिया या मूळ अमेरिकी (इंडियन) लोकांचा होता. १८५४ च्या तहाने त्यांनी बहुतेक भूमी सोडली आणि बिग ब्लू नदीकाठच्या राखीव पट्ट्यात ते राहू लागले. पुढे तोही पट्टा विकला गेला आणि १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. म्हणजे फ्रीमन कुटुंब पीचची फळे तोडत होते त्या वर्षांत हे लोक थोड्याच अंतरावर दक्षिणेला राहत होते. कायद्याने एकूण सुमारे २७ कोटी एकर जमीन १६ लाखांच्या आसपास अर्जदारांना दिली. बहुतेक ठिकाणी आधीची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच आहे.

पुन्हा तेथे जाणे झाले तर ओंडक्यांच्या खोलीपाशी न थांबता मागच्या गवतात जावे. नांगरल्याच्या मोबदल्यात दिलेल्या त्या जमिनीपैकी सुमारे १०० एकरांवर १९३९ पासून जुने उंच गवत मुद्दाम पुन्हा वाढवले आहे, आणि डॅनियल व ॲग्नेस यांच्या कबरीही त्याच आवारात आहेत.